पक्षघटनेतलं एक तृतीयांश कागदावरच का राहतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: पक्षाच्या घटनेत सर्व समित्यांवर एक तृतीयांश महिला असाव्यात असं लिहिलेलं आहे. महिला आघाडी आहे, दरवर्षी प्रशिक्षण शिबिरं होतात. तरी उमेदवार ठरवणाऱ्या समितीत आणि पदाधिकाऱ्यांच्या पहिल्या फळीत बाई दिसत नाही. आता घटनादुरुस्ती समितीवर तुमची नेमणूक झाली आहे आणि सहा महिन्यांत मसुदा द्यायचा आहे. सुरुवात कुठून करू, असं तुम्ही विचारता.

उमेदवार निवडीच्या नियमांपासून करा. गेली बावीस वर्षं मी पक्षांच्या घटना, निवडीचे नियम आणि निवड समित्यांचं प्रशिक्षण हेच काम करते आहे. पहिली पाच-सहा वर्षं मी शिबिरांवर घालवली. भाषण कसं करावं, पत्रकारांना उत्तर कसं द्यावं, मतदारयादी कशी वाचावी, सगळं शिकवलं. त्या शिबिरांतून निघालेल्या कितीतरी जणी उत्तम तयार होत्या, आणि त्यातल्या बहुतेकींना तिकीट मिळालं नाही. त्यांच्या तयारीत खोट नव्हती. तिकीट जिथे ठरत होतं तिथले नियमच कुठे लिहिलेले नव्हते.

म्हणून पहिल्या महिन्यात मसुद्याला हात लावू नका. मागच्या दोन निवडणुकांत एकेक तिकीट प्रत्यक्षात कसं ठरलं ते लिहून काढा. नाव कुणी सुचवलं, लांब यादीची छोटी यादी कुणी केली, शेवटचा शब्द कुणाचा होता, बैठक किती वाजता आणि कुठे झाली, इतिवृत्त आहे का. बहुतेक पक्षांत असं निघतं की अधिकृत समितीने सह्या केल्या, पण निर्णय आदल्या रात्री चार-पाच जणांत झाला होता. त्या चार-पाच जणांनी बाईला ठरवून बाहेर ठेवलेलं असतंच असं नाही. वर्षानुवर्षं एकत्र प्रवास केलेली, एकमेकांची उधारी-उसनवारी सांभाळलेली ती माणसं असतात, आणि नावं त्यांना आपल्याच ओळखीतली सुचतात. नियम नसला की ओळख चालते, आणि नव्याने आलेल्या माणसाकडे ओळख सोडून बाकी सगळं असतं.

एक प्रसंग सांगते. एका पक्षाच्या मुलाखतींना मी निरीक्षक म्हणून बसले होते. वहीत मधोमध रेघ मारून डावीकडे पुरुष इच्छुकांना विचारलेले प्रश्न लिहीत होते, उजवीकडे महिलांना विचारलेले. डावीकडे आलं: किती बूथवर माणसं आहेत, मागच्या वेळी किती मतं पडली, विरोधकांतलं कोण फुटेल, खर्चाची तयारी काय. उजवीकडे आलं: घरच्यांची संमती आहे का, मुलं किती मोठी, रात्रीच्या सभा झेपतील का, यजमान काय करतात. एक इच्छुक दोन वेळा स्थानिक संस्थेत निवडून आलेली होती. तिच्या मांडीवर प्लास्टिकचा निळा फोल्डर होता, त्यात बूथनिहाय माणसांची यादी, फोन नंबरांसकट. बूथचा प्रश्न तिला आलाच नाही. उठताना ती म्हणाली, “यादी आणली होती.” अध्यक्ष म्हणाले, “ठेवून जा.” संध्याकाळी सगळे उठून गेले तेव्हा फोल्डर टेबलावर तसाच होता, रबरबँडसुद्धा काढलेला नव्हता. शेऱ्याच्या रकान्यात तिच्या नावापुढे लिहिलं होतं: चांगल्या आहेत, संघटन कच्चं.

पुढच्या निवडणुकीआधी त्याच पक्षाने एक पानी पद्धत स्वीकारली. प्रत्येक इच्छुकाला तेच आठ प्रश्न, त्याच क्रमाने. घर, लग्न, मुलं यांवर प्रश्न विचारायला बंदी. प्रत्येक सदस्याने चर्चेआधी स्वतंत्रपणे गुण लिहायचे, आणि शेऱ्याला पुरावा जोडायचा. ‘संघटन कच्चं’ लिहायचं तर कोणते बूथ रिकामे आहेत ते लिहावं लागत होतं. तो शेरा एकदम विरळ झाला. एवढ्या साध्या गोष्टीला खर्च येत नाही, घटनादुरुस्तीही लागत नाही, कार्यकारिणीचा ठराव पुरतो. सहा महिने थांबू नका, हे आत्ताच करून घ्या.

मसुद्यात निवड समितीविषयी चार गोष्टी पक्क्या करा. समितीत स्त्री-पुरुष दोघांचंही प्रमाण किमान चाळीस टक्के. गणपूर्ती मोजतानाही हीच अट, नाहीतर महिला सदस्य प्रवासात असतानाची तारीख धरली जाते. प्रत्येक बैठकीचं इतिवृत्त. आणि ज्यांना नाकारलं त्यांना पंधरा दिवसांत लेखी कारण, तसंच पक्षपदावर नसलेल्या लोकांच्या समितीकडे दाद मागायची सोय. यातलं शेवटचं कलम सगळ्यात जास्त विरोध ओढवून घेईल. पुरुष कार्यकर्तेसुद्धा त्याच कलमासाठी तुमच्या बाजूने उभे राहतील, कारण कारण न कळता तिकीट कापलं गेल्याचं दुःख त्यांनाही ठाऊक असतं. त्यांना आधीपासून बरोबर घ्या.

आता कोट्याकडे येते. तुमच्या घटनेतलं वाक्य ‘एक तृतीयांश महिला असाव्यात’ असं आहे. ‘असाव्यात’ या क्रियापदातच ते वाक्य मरतं. कोटा चालायला तीन गोष्टी लागतात: आकडा, क्रम आणि मोडल्यावर होणारा परिणाम. पहिली सगळे लिहितात, बाकीच्या दोन राहतात.

क्रमाचं उदाहरण अर्जेंटिनाचं घ्या. तिथे मतदार पक्षाच्या यादीला मत देतात आणि यादीतली वरची नावं निवडून येतात. १९९१ मध्ये तिथे कायदा झाला की उमेदवार याद्यांत किमान तीस टक्के महिला हव्यात, आणि त्या निवडून येण्यासारख्या क्रमांकावर हव्यात. हे दुसरं अर्धं वाक्य नसतं तर पक्षांनी यादीच्या तळाशी नावं भरून आकडा पुरा केला असता. असूनही काहींनी तसा प्रयत्न केला आणि प्रकरणं न्यायालयात गेली. पण वाक्य होतं म्हणून भांडता आलं. कायद्याआधी कनिष्ठ सभागृहात महिला जेमतेम पाच टक्के होत्या, १९९५ पर्यंत त्या पाव हिश्श्याच्या पुढे गेल्या. कोस्टारिकाने १९९६ मध्ये चाळीस टक्क्यांचा कोटा केला, तो आकड्याने मोठा होता, पण क्रमाविषयी स्पष्टता नव्हती. १९९८ च्या निवडणुकीत निवडून आलेल्या महिला वीस टक्क्यांच्या आतच राहिल्या. निवडणूक न्यायाधिकरणाने नंतर निवडून येण्याजोग्या जागांचा अर्थ लावून दिला आणि २००२ मध्ये प्रमाण पस्तीस टक्क्यांवर गेलं. स्वीडनच्या सोशल डेमोक्रॅट पक्षाने कायद्याची वाट न पाहता १९९३ मध्ये स्वतःच ठरवलं की यादीत एक आड एक स्त्री-पुरुष नावं येतील.

तुमच्याकडे याद्या नसून एका मतदारसंघात एक उमेदवार अशी पद्धत असेल तर क्रमाची जागा ‘हमखास जागा’ घेते. मागच्या वेळी जिंकलेल्या, थोडक्यात हरलेल्या आणि कधीच न जिंकलेल्या असे मतदारसंघांचे तीन गट पाडा, आणि प्रत्येक गटात महिलांचं प्रमाण सारखं ठेवा. मेक्सिकोच्या कायद्यात हेच तत्त्व आहे: ज्या मतदारसंघांत पक्षाला आधी सर्वात कमी मतं पडली, तिथेच एका लिंगाचे उमेदवार ढकलता येत नाहीत. ऑस्ट्रेलियाच्या लेबर पार्टीने १९९४ मध्ये जो नियम केला त्यातही ‘जिंकण्याजोग्या जागांपैकी पस्तीस टक्के’ आणि ‘२००२ पर्यंत’ असे दोन्ही शब्द होते. जागा कोणत्या आणि कधीपर्यंत, हे दोन्ही लिहिलं की पुढे कुणाला अर्थ फिरवता येत नाही.

ब्रिटनच्या लेबर पार्टीचा अनुभव मी प्रत्येक घटनादुरुस्ती समितीला सांगते. १९९३ मध्ये त्यांनी ठरवलं की निवडक जिंकण्याजोग्या मतदारसंघांत अंतिम यादीत फक्त महिला असतील. १९९६ मध्ये औद्योगिक न्यायाधिकरणाने ही पद्धत बेकायदा ठरवली. तोवर कित्येक निवडी होऊन गेल्या होत्या आणि त्या तशाच राहिल्या. १९९७ मध्ये त्या पक्षाच्या १०१ महिला निवडून आल्या. पद्धत बंद पडल्यावर २००१ मध्ये आकडा खाली आला, आणि २००२ मध्ये संसदेने कायदा बदलून पक्षांना अशी मुभा दिली. तेव्हा मसुदा देशाच्या समानता कायद्याशी ताडून घ्या, वकिलाला आधीच बसवा.

परिणामाचं सांगायचं तर फ्रान्स आणि आयर्लंड शेजारी ठेवून पाहा. फ्रान्सने २००० मध्ये समतेचा कायदा केला. संसदेसाठी पुरेशा महिला न दिल्यास सरकारी निधीत कपात. मोठ्या पक्षांनी कपात सोसली आणि पुरुषांनाच उभं केलं. महिलांचं प्रमाण १९९७ मध्ये १०.९ टक्के होतं, २००२ मध्ये १२.३ झालं. आयर्लंडने २०१२ च्या कायद्यात थेट अर्धा सरकारी निधी पणाला लावला: दोन्हींपैकी प्रत्येक लिंगाचे किमान तीस टक्के उमेदवार नसतील तर अर्धा निधी जाणार. पुढच्या, म्हणजे २०१६ च्या निवडणुकीत निवडून आलेल्या महिला २५ वरून ३५ वर गेल्या, आणि तेसुद्धा सभागृहाच्या आठ जागा कमी झालेल्या असताना. पक्षाच्या आत निधीच्या कपातीची जागा दुसरी गोष्ट घेऊ शकते: अट न पाळणारी यादी वरच्या समितीने स्वीकारायचीच नाही. ती परत जाते, आणि ठरलेल्या मुदतीत दुरुस्त होऊन आली नाही तर वरची समिती स्वतः नावं भरते. मी पाहिलेल्या सगळ्या उपायांत हा सर्वात परिणामकारक आहे.

पळवाटांचा अंदाजही आधी घ्या. मेक्सिकोत २००९ मध्ये निवडून आलेल्या काही महिलांनी शपथ घेतल्यावर लगेच राजीनामे दिले आणि त्यांच्या जागी पर्यायी उमेदवार म्हणून नोंदवलेले पुरुष आले. काही ठिकाणी ते नवरे किंवा भाऊ होते. २०११ मध्ये निवडणूक न्यायालयाने पर्यायी उमेदवारही त्याच लिंगाचा हवा असं ठरवून ती वाट बंद केली. ब्राझीलमध्ये नावापुरत्या उभ्या केलेल्या, प्रचारच न केलेल्या महिलांची पूर्ण मालिका सापडली. नेपाळचं उदाहरण मला सर्वात जास्त खुपतं. स्थानिक संस्थेच्या प्रमुख आणि उपप्रमुख या दोन पदांसाठी पक्षाने दोन्ही उमेदवार दिले तर त्यातली एक महिला हवी, असा तिथला नियम. २०१७ मध्ये पक्षांनी नियम अक्षरशः पाळला: उपप्रमुखपदी जवळजवळ सगळीकडे महिला, आणि ७५३ संस्थांपैकी प्रमुखपदी फक्त १८. पुढच्या निवडणुकीत आघाड्या करून एकेका पक्षाने एकच पद लढवलं, तेव्हा नियम लागूच झाला नाही आणि उपप्रमुख महिलाही घटल्या. तुमच्या मसुद्यात अध्यक्ष, सरचिटणीस, कोषाध्यक्ष आणि प्रचारप्रमुख ही चार पदं नाव घेऊन लिहा. ‘पदाधिकाऱ्यांपैकी’ असं लिहिलंत की महिला उपाध्यक्ष आणि सहचिटणीसच होतात.

भारतात २०१९ च्या लोकसभेला बिजू जनता दलाने ओडिशातल्या २१ पैकी ७ जागा महिलांना दिल्या आणि त्यातल्या ५ निवडून आल्या. तृणमूल काँग्रेसने पश्चिम बंगालमध्ये ४२ पैकी १७ महिला उभ्या केल्या. कुठल्याही कायद्याने हे करायला लावलं नव्हतं, म्हणजे पक्षाने ठरवलं तर एका निवडणुकीत होतं. मात्र हे निर्णय पक्षप्रमुखांनी घेतले होते. प्रमुखाचं मन बदललं किंवा प्रमुखच बदलला तर पुढच्या वेळी काय, याचं उत्तर फक्त लिहिलेल्या नियमात असू शकतं. म्हणून तुमचे सध्याचे अध्यक्ष या विषयाला अनुकूल असतील तर त्यांच्याकडून आश्वासन घेऊ नका, कलम मंजूर करून घ्या.

उमेदवारीची शिडी आणि पक्षनेतृत्वाची शिडी वेगळी असते, आणि पहिली चढल्याने दुसरी आपोआप सर होत नाही. वर सांगितलेल्या ब्रिटनच्या लेबर पार्टीत खासदार महिला शंभरावर असूनही २०२० च्या नेतेपदाच्या निवडणुकीतही पुरुषच निवडून आला. तिथल्याच हुजूर पक्षाने कोणताही कोटा नसताना १९७५ मध्येच मार्गारेट थॅचर यांना नेता केलं होतं. अपवादाने एखादी वर जाते, पण मागे वाट तयार होत नाही. शिवाय बाईला नेतृत्व मिळण्याची वेळ अनेकदा पक्ष बुडत असतानाची असते. कॅनडात किम कॅम्पबेल जून १९९३ मध्ये पक्षाच्या नेत्या आणि पंतप्रधान झाल्या आणि ऑक्टोबरच्या निवडणुकीत तो सत्ताधारी पक्ष दोन जागांवर आला. आधीच्या नऊ वर्षांचा राग त्यांच्या खात्यावर जमा झाला. यावर उपाय म्हणून पदाची मुदत आणि निवडणुकीचं वेळापत्रक घटनेत ठरवून टाका, म्हणजे नेतृत्वबदल फक्त संकटातच होणार नाही. जर्मनीतल्या ग्रीन पक्षासारखी सह-अध्यक्षांची पद्धतही चालते, फक्त कामांची वाटणी लेखी हवी. नाहीतर एकजण पत्रकार परिषद घेतो आणि दुसरी कार्यालय सांभाळते.

त्याच ग्रीन पक्षाने १९८६ मध्ये केलेल्या महिला-नियमांतली एक बारीक गोष्ट मला फार आवडते. चर्चेत वक्त्यांच्या दोन याद्या असतात आणि आळीपाळीने बोलायला मिळतं. महिलांची यादी संपली की उपस्थित महिलांना विचारलं जातं, चर्चा पुढे चालू ठेवायची का? मी हे एका राज्यस्तरीय बैठकीत करून पाहायला सांगितलं. पहिल्या तासाला कुरबुर झाली. दुसऱ्या तासाला ज्या सदस्या चार वर्षं एकदाही बोलल्या नव्हत्या त्यांनी निधीवाटपाचा एक हिशेब काढला, आणि त्या हिशेबावर बैठकीचा निर्णय फिरला.

महिला आघाडीबद्दल माझं मत तीव्र आहे. ती बरखास्त करू नका, पण तिला मताचा अधिकार द्या. आघाडीच्या अध्यक्षेला निवड समितीत आणि अर्थसमितीत पदसिद्ध, मतदानाचा हक्क असलेली जागा हवी. हा हक्क नसेल तर आघाडी म्हणजे सभेला गर्दी आणणारी आणि स्वागताची व्यवस्था पाहणारी यंत्रणा होऊन बसते, आणि पक्षातली प्रत्येक नवी बाई आपोआप तिकडे पाठवली जाते. कायदा, अर्थ, शेती, परराष्ट्र यातलं काही जाणणारी कार्यकर्ती आली तर तिला त्या विषयाच्या समितीत घ्यायचं, हेही लिहून ठेवा.

पैशाचा मुद्दा वेळेचा आहे. अमेरिकेत १९८५ मध्ये ‘एमिलीज लिस्ट’ ही संस्था सुरू झाली ती एकाच हिशेबावर: सुरुवातीलाच थोडे पैसे मिळाले की उमेदवाराकडे लोक गांभीर्याने बघतात आणि पुढचे पैसे येतात. मतदानाच्या आठ दिवस आधी आलेल्या रकमेने पोस्टर छापून होतात, संघटन उभं राहत नाही. म्हणून पक्षनिधीतला महिलांचा वाटा आणि तो देण्याची शेवटची तारीख, दोन्ही नियमात घाला. ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये प्रचारावर खर्च होणाऱ्या पक्षनिधीचा किमान तीस टक्के भाग महिला उमेदवारांसाठी राखायला सांगितलं. मेक्सिकोत पक्षांना नियमित सरकारी निधीचे तीन टक्के महिलांच्या नेतृत्वविकासासाठी खर्च करावे लागतात. याचा लेखापरीक्षकाकडून वेगळा हिशेब घ्या, कारण असे पैसे मंडप आणि बॅनरवर गेल्याचं मी स्वतः वह्यांत पाहिलं आहे.

बैठका संध्याकाळी ठरलेल्या वेळेला संपवा, मुलांच्या देखभालीचा खर्च प्रवासखर्चासारखाच मान्य करा. यावर फार वाद घालायची गरज पडत नाही.

छळाच्या तक्रारींसाठी मात्र स्वतंत्र कलम हवंच. आंतरसंसदीय संघाने, म्हणजे देशोदेशींच्या संसदांच्या संघटनेने, २०१६ मध्ये ३९ देशांतल्या ५५ महिला खासदारांशी बोलून केलेल्या अभ्यासात ८१.८ टक्के जणींनी मानसिक हिंसा सोसल्याचं सांगितलं. ज्या खासदार होऊ शकल्या त्यांची ही स्थिती, मग तिकीट मागायला आलेल्या कार्यकर्तीची काय असेल? तक्रार समितीत पक्षाबाहेरचे लोक बहुमतात असावेत, आणि चौकशी चालू असेपर्यंत आरोप असलेल्या व्यक्तीला तक्रारदाराच्या तिकिटाबद्दल मत देता येऊ नये. हे दुसरं वाक्य विसरलं जातं. एका गुणी मुलीने तक्रार केली आणि दोन महिन्यांनी तिची मुलाखत घ्यायला तोच माणूस बसला होता. ती आत गेलीच नाही. आज ती राजकारणात नाही, आणि ते मला अजून सलतं.

बैठकीत कुणीतरी नक्की म्हणेल: मग गुणवत्तेचं काय? वर सांगितलेल्या स्वीडिश पक्षाच्या ‘एक आड एक’ नियमाचा अर्थशास्त्रज्ञांनी नंतर अभ्यास केला. समान वय, शिक्षण आणि व्यवसाय असलेल्यांच्या तुलनेत कोण किती कमावतो, यावरून त्यांनी राजकारण्यांची क्षमता मोजली. जिथे महिलांचं प्रमाण जास्त वाढलं तिथे निवडून आलेल्या पुरुषांची सरासरी क्षमता वाढलेली दिसली, कारण मध्यम कुवतीचे पुरुष गळले, आणि त्यात पुढारीही होते. हा मुद्दा शांतपणे मांडा. ज्यांना आपल्या कुवतीची खात्री आहे ते पुरुष सहकारी तो ऐकून तुमच्याकडे वळतात.

सहा महिन्यांच्या शेवटी घासाघीस होईल आणि तुम्हाला कलमं सोडायला सांगतील. टक्केवारी सोडावी लागली तर सोडा. चाळीसऐवजी तीस मान्य करा, टप्प्याटप्प्याने वाढवायची तारीख घाला. सह-अध्यक्षपदही पुढच्या अधिवेशनावर ढकलता येईल. पण अट न पाळणारी यादी परत पाठवण्याचं कलम आणि नाकारल्याचं लेखी कारण देण्याचं कलम सोडू नका. या दोघांची भाषा ‘करावे’, ‘प्रयत्न करावा’ अशी मवाळ होऊ देऊ नका. मसुदा टाइप होऊन येईल तेव्हा ही दोन पानं स्वतः शब्द न् शब्द वाचा. ‘परत पाठवली जाईल’ चं ‘परत पाठवता येईल’ झालेलं मी तीन वेळा पकडलं आहे, तिन्ही वेळा छपाईच्या आदल्या रात्री.